दोनशे अठ्ठ्याण्णव जीबीची वाटणी

मल्लेशम दुडमला त्या दुपारी काय काय मिळणार होतं ते आधी सांगते. चौदाशे बारा चादरींची डिझाइनं, सगळीच्या सगळी. ती उघडायचा प्रोग्रॅम. आणि वर, धाकट्या भावाला बरोबर निम्मं दिलं असं मामांच्या तोंडून वदवून घेतलेलं चांगलं नाव. बदल्यात त्याला सोडायची होती एकशे एकोणपन्नास जीबी मोकळी जागा. मोकळी म्हणजे अगदी मोकळी, तिच्यात एक धागासुद्धा नव्हता. लॅपटॉप दुरुस्तीच्या धंद्यात माझी तोवर सहा वर्षं झाली होती, पण इतका देखणा डाव मी पाहिला नव्हता.

"कात्री इकडं," नरसय्या मामा म्हणाले आणि हातातली प्लॅस्टिकची बादली त्यांनी पुढे केली.

मल्लेशमनं कात्री टाकली. सत्यानं, म्हणजे धाकट्या सत्यनारायणनं, खिशातून अर्धं ब्लेड काढून टाकलं. मामांनी टेबलाचे खण उघडून कर्कटक, टोच्या, कागद कापायचा कटर, सगळं एकेक करून बादलीत घातलं. मग ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"तुमच्याकडं काय, मॅडम?"

"स्क्रू ड्रायव्हर आहे."

"टाका."

"मग मी काम नखांनी करू का, मामा?"

"करा की. ह्यांच्या आईनं मला सांगून ठेवलंय, दोन घेऊन जातोयस, दोनच परत आण."

मामा उगीच घाबरत नव्हते. मल्लेशमच्या डाव्या कानाला पाळी नव्हती. ती मागच्या महिन्यात सत्यानं दातांनी तोडली होती. सत्याचे पुढचे दोन दात नव्हते. ते कुठं गेले हे वेगळं विचारायची गरज नव्हती. दोघं शिव्या तेलुगूत द्यायचे आणि हिशोब मराठीत करायचे, त्यामुळे खोलीत मराठी चालू आहे तोवर धोका नाही, एवढं मी पहिल्या पाच मिनिटांत ताडलं होतं.

खोली भद्रावती पेठेत होती, माडीवर. खाली कुणाचे तरी चोवीस माग चालायचे, त्यामुळे वर फरशी सतत थरथरत असायची आणि बोलायचं तर ओरडूनच. भिंतीवर फळी होती. तिच्यावर त्यांच्या वडलांचे चार धोटे ओळीनं मांडलेले. धोटा म्हणजे मागावर या टोकाकडून त्या टोकाकडं धावणारा लाकडी तुकडा, हातात धरला तर कोपरापर्यंत येईल एवढा, पोटात दोऱ्याची कांडी आणि दोन्ही टोकांना पोलादी चोच. हे चार दसऱ्याला पूजेत बसायचे. त्यांच्यावरचं कुंकू अजून तसंच होतं. मामा बादली घेऊन फळीखाली आले, थांबले, धोट्यांना हात जोडले आणि बादली पुढे नेली.

दुडम बंधू चादरीची डिझाइनं करून मागवाल्यांना द्यायचे. मोर, कमळ, ताजमहाल, बिस्मिल्ला, ओम, गिऱ्हाईक म्हणेल ते. थोरला चौकोनी कागदावर चित्र काढायचा, धाकटा त्यातला एकेक चौकोन कॉम्प्युटरमध्ये भरायचा. एका चादरीला लाखभर चौकोन. नऊ वर्षं एकानं काढलं, एकानं भरलं. मग दोघांच्या बायकांत काही झालं, किंवा दोघांत काही झालं आणि ते बायकांच्या नावावर घातलं गेलं. घर वाटलं, टेबल वाटलं, खुर्च्या वाटल्या. राहिला हा एक लॅपटॉप. नवा दिवाळीनंतर घ्यायचा ठरला होता. तोवर सकाळी थोरल्यानं वापरायचा, दुपारनंतर धाकट्यानं.

"दोन युजर करून देते," मी म्हणाले. "दोघांना वेगळा पासवर्ड. पाच मिनिटांचं काम."

"म्हणजे एकाच घरात मधी पडदा लावून राहायचं," मल्लेशम म्हणाला. "ते नऊ वर्षं करून बघितलं, मॅडम. मला मधी भिंत पाहिजे."

भिंतीचा उपाय होता. हार्ड डिस्कचे दोन भाग पाडायचे. एका भागात आहे ते विंडोज, दुसऱ्यात नवं लिनक्स. सत्या ते हैदराबादला साडूकडं शिकून आला होता, आणि त्यात डिझाइन भरायचा फुकटचा प्रोग्रॅमही मिळायचा. मशीन सुरू केलं की पडद्यावर दोन नावं येणार आणि मशीन विचारणार, कुणाच्या घरात जायचं? मी हे सगळं समजावून सांगितलं.

"वर कुणाचं नाव येणार?" सत्यानं विचारलं.

"कुणाचंही टाकता येतं. दहा सेकंदांत कुणी काही दाबलं नाही, तर जे वर असेल ते आपोआप उघडतं."

"मग माझं वर," मल्लेशम म्हणाला. "मी थोरला."

"म्हणून काय बे? चहाला उठलो तर तुझ्या घरात जाऊ?"

"वर मार्कंडेयाचं नाव टाका," मामांनी निकाल दिला. "खाली दोघं."

"मार्कंडेय दाबला तर मशीन कुठंच जाणार नाही, मामा."

"नको जाऊ दे. देवाच्या नावानं बंद पडलं तर कुणाची तक्रार नाही."

दोघंही हसले. सत्याच्या हसण्यात दातांची खिंड दिसली आणि मल्लेशमनं पटकन दुसरीकडं पाहिलं. त्या घटकेला मला वाटलं होतं, माझं काम अर्ध्या तासाचं आहे.

मग मी धंद्याचा नियम सांगितला. असं काही करायच्या आधी सगळ्याची एक कॉपी बाहेर काढून ठेवतात. माझ्याजवळ त्यासाठी वेगळी डिस्क होती. "आणि एक सुचवते. कॉपी काढतेच आहे तर दोन काढते. चौदाशे बारा ह्यांच्याकडं, चौदाशे बारा त्यांच्याकडं. घरासारखं नाही हे, दोघांना अख्खं मिळू शकतं."

मी हे मोठ्या आनंदानं सांगितलं होतं. दोघंही माझ्याकडं मी बिनडोक असल्यासारखं पाहायला लागले.

"त्याच्याकडं पण असलं तर मग माझ्याकडं काय असलं?" मल्लेशम म्हणाला. "मागवाला आज माझ्याकडं मोर बघंल, उद्या ह्याच्याकडं तोच मोर मागंल."

"आणि तुमच्या त्या डिस्कवर राहिलेलं कुणाचं?" सत्यानं विचारलं.

"कुणाचंच नाही. काम झालं की पुसून टाकते."

"तोवर तिसरा वाटा झाला की."

एवढ्या एका गोष्टीवर दोघांचं एकमत होतं. मामांनी मान हलवली. "वाटे दोनच, मॅडम. तिसरा नको."

मी कॉपी काढली नाही. माझ्या हातात असलेली डिस्क मी परत पिशवीत ठेवली. धंद्यात असं करत नाहीत हे मला माहीत होतं, पण गिऱ्हाईक तीन, मी एक, आणि खरं सांगायचं तर पुढची गंमत मला पाहायची होती.

मी माझी सीडी घालून मशीन सुरू केलं. डिस्कचा नकाशा पडद्यावर आला. एक लांब पट्टी, दोनशे अठ्ठ्याण्णव जीबी. डाव्या बाजूचा मोठा तुकडा पिवळा, बाकी पांढरा.

"बरोबर मधी कापा," मल्लेशम म्हणाला.

मी माउसनं रेघ ओढून मध्यावर आणली. एकशे एकोणपन्नास, एकशे एकोणपन्नास. हा अजून नुसता आराखडा होता. बटण दाबेपर्यंत आत काहीच हलत नाही. सगळं पिवळं डाव्या भागात आलं. उजवा भाग पांढरा स्वच्छ.

"बघा मामा," मल्लेशम म्हणाला. "एक जीबी इकडं नाही, एक जीबी तिकडं नाही. लिहून घ्या पाहिजे तर."

मामा वाकून आकडे वाचू लागले. वाचून झाल्यावर त्यांनी कमरेवर हात ठेवले. "बरोबर आहे. थोरल्यानं वाटे केले. आता धाकट्यानं उचलायचं."

हा त्यांच्या घरातला रिवाज. वाटे पाडायचे थोरल्यानं, आणि कुठला घ्यायचा ते आधी सांगायचं धाकट्यानं. घर, टेबल, खुर्च्या, सगळं तसंच झालं होतं, आणि मल्लेशमनं प्रत्येक वेळी प्राण जाईस्तोवर सारखे वाटे पाडले होते. या वेळी मात्र तो निर्धास्त होता. धाकट्याला लिनक्स पाहिजे, लिनक्सला मोकळी जागा पाहिजे, म्हणजे तो पांढरा उचलणार. रिवाजही पाळला जाणार आणि डिझाइनंही घरात राहणार.

सत्या पडद्याजवळ आला. त्यानं आधी डाव्या भागावर बोट ठेवलं, मग उजव्यावर.

"ते पिवळं काय आहे, मॅडम?"

"विंडोजचं सामान असतंय ते," मल्लेशम घाईनं म्हणाला. "तुला काय करायचंय त्याचं?"

"मी मॅडमना विचारलं."

मी मल्लेशमकडं पाहिलं. त्याच्या तुटक्या कानाखाली एक शीर उडत होती. मी गप्प बसू शकले असते. "सामान" हा शब्द अगदीच खोटा नव्हता, मान हलवली असती तरी भागलं असतं. पण मी आल्यापासून तो मला "ए मॅडम, वायर नीट लावा" म्हणून शिकवत होता, आणि त्याचा चेहरा कसा होतो ते मला पाहायचं होतं.

"पिवळं म्हणजे भरलेलं," मी म्हणाले. "पांढरं म्हणजे रिकामं."

"भरलेलं म्हणजे कशानं?"

"तुम्हीच भरलंय की. नऊ वर्षं."

सत्यानं पिवळ्यावर बोट टेकवलं. काच दबून तिथं इंद्रधनुष्यासारखा डाग उमटला.

"हा माझा."

"लिनक्स पाहिजे होतं ना बे तुला?" मल्लेशमचा आवाज चिरकला.

"तुला घालून देतील की मॅडम. फुकट असतंय."

"मामा, हे चालणार नाही. मी सांगतो, हे..."

"वाटे तू केलास," मामा म्हणाले. "मी करायला सांगितले नव्हते असले. त्यानं उचलला. संपलं. मॅडम, दाबा."

मी दाबलं.

मशीन कामाला लागलं. पट्टीच्या मागच्या टोकाला विखुरलेलं सामान उचलून पुढं आणायचं होतं, चाळीस मिनिटं दाखवत होतं. लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेलेली, तो नुसता वायरवर जगायचा. "आता वायरीला कुणी हात लावू नका," मी सांगितलं. "मध्येच वीज गेली तर कुणाचंच काही राहणार नाही."

चार टक्के. सात टक्के. मल्लेशम स्टुलावर बसला. तो इतका शांत झाला की मामांनी बादली जरा जवळ ओढली.

"अन्ना म्हणतोस ना मला," तो शेवटी म्हणाला. "एक कॉपी दे. चित्रं काढलीत मी. मोर माझा आहे, सत्या. आई आजारी होती तेव्हा दवाखान्यात बसून काढलाय."

"मॅडम मघाशी दोघांना देत होत्या. कोण नको म्हणालं?"

"दोघंही म्हणालो."

"आधी कोण म्हणालं?"

मल्लेशम काहीतरी तेलुगूत म्हणाला. लहानसंच, दोन-तीन शब्द. सत्यानं दातांची खिंड दाखवून तेलुगूतच उत्तर दिलं आणि हसला.

मल्लेशमनं त्याचं डोकं धरून टेबलावर आपटलं. एकदा, आणि लगेच दुसऱ्यांदा. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज मागांच्या खडखडाटातही आला. सत्यानं खालूनच लाथ मारली, मल्लेशम स्टुलासकट बादलीवर पडला, बादली कलंडली आणि कात्री, कटर, माझा स्क्रू ड्रायव्हर फरशीभर पसरले. नरसय्या मामांनी मग एक गोष्ट केली. सत्तरीचा तो माणूस त्या पसाऱ्यावर पालथा पडला. हातपाय पसरून सगळं पोटाखाली घेतलं आणि ओरडायला लागला, "घेऊ देत नाही! कुणाला काही घेऊ देत नाही!"

आणि मल्लेशमनं फळीवरून धोटा घेतला.

पहिला घाव सत्याच्या खांद्याजवळ बसला, हात लुळा होऊन खाली आला. दुसरा कोपरावर. तो ओरडत होता, पण खाली चोवीस माग चालू होते. एक माणूससुद्धा वर आला नाही. मल्लेशम प्रत्येक घावाला एक आकडा म्हणत होता असं मला वाटलं. नंतर कळलं, तो डिझाइनचे नंबर म्हणत होता. तिसऱ्या वेळेला तो झोक जाऊन वळला, आणि सत्या त्याच्या पाठीमागं आला. त्याच्या चालत्या हाताला लॅपटॉपची वायर लागली. ती त्यानं भावाच्या गळ्याभोवती टाकली, एक फेरा, दोन फेरे, एक टोक दाढांत धरलं, दुसरं मुठीत, आणि मागं रेलला.

"वायर!" मी किंचाळले. "वायर सोडा! एकवीस टक्के झालंय!"

मी गळ्यासाठी ओरडले नव्हते. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

पिन निघाली. पडदा काळा झाला. मल्लेशमचं तोंड काळंनिळं पडत चाललं होतं, जीभ बाहेर, पाय फरशीवर घासत होते. धोटा मात्र त्याच्या मुठीत होता. त्यानं हात वर केला आणि न बघता, खांद्यावरून मागं, होता नव्हता तेवढा जोर लावून मारला.

चोच सत्याच्या उजव्या डोळ्यात गेली.

तो ओरडला नाही. वायर सोडून खाली बसला, एखादा माणूस दमून बसतो तसा. धोटा एक क्षण तिथंच राहिला, मग आपल्या वजनानं पडला. मल्लेशम खोकत, ओकत चार पायांवर त्याच्याजवळ गेला. "सत्या," तो म्हणाला. आवाज फुटत नव्हता. "सत्या, बघू. हात काढ, बघू." मग त्यानंच त्याला पाठीवर घेतलं आणि जिना उतरला. जिन्यावर, बोळात, रिक्षापर्यंत रक्ताची रेघ होती. खालच्या मागवाल्यानं ती पाहिली तेव्हा कुठं माग बंद झाले. इतकी शांतता त्या खोलीत कुणी ऐकली नसेल. मामा अजून पालथेच होते. कात्री त्यांच्या पोटात बोटभर घुसली होती आणि त्यांना ते कळलं नव्हतं.

डोळा काढावा लागला. लॅपटॉपवर मी चार दिवस बसले. फायलींची नावं निघाली, आत काही नव्हतं. चौदाशे बारांपैकी एकही चादर निघाली नाही.

मल्लेशमला त्याच संध्याकाळी उचललं. जामीन अकरा आठवड्यांनी झाला. खटला उभा राहिला दीड वर्षानं. मामांना वकिलानं विचारलं, तुम्ही काय पाहिलं? मामा म्हणाले, "मी बादली बघत होतो, साहेब." शपथेवर सांगितलेलं ते त्या खटल्यातलं एकमेव खरं वाक्य असावं. सत्यानं सांगितलं, फळी निखळली, धोटा अंगावर पडला. राहिले मी.

माझ्या साक्षीच्या आदल्या दिवशी सत्या दुकानात आला. काळा चष्मा, वळलेलं नाक. गिऱ्हाईक जाईपर्यंत गप्प उभा राहिला.

"उद्या तुम्ही काय सांगणार, मॅडम?"

"खरं ते सांगणार. दुसरं काय?"

"नका सांगू."

"मामांनी पाठवलं का?"

"कुणी नाही. मला तो बाहेरच पाहिजे."

"गळा आवळत होतात त्याचा."

"व्हय. आणि अजून पाच मिनिटं मिळाली असती तर मारला असता." हे त्यानं इतक्या सरळपणे सांगितलं की मला हसावं की काय कळेना. "पण डिझाइनं परत करायचीत. भरीन मी. काढायला हात त्याचाच लागतोय. मी काढलेला मोर कोंबडीसारखा होतो."

"आणि एका डोळ्यानं भरणार?"

"चौकोन तर भरायचेत की. एक बास होतो." तो दारापर्यंत गेला आणि वळला. "मॅडम, त्या दिवशी एकदा खरं बोललात ना? पुरलं तेवढं."

दुसऱ्या दिवशी मी कोर्टात सांगितलं, मी पडद्याकडं बघत होते, मला काही दिसलं नाही. मल्लेशम सुटला.

पुढची तीन-चार वर्षं पेठेत हे दोघं घरोघर फिरताना दिसायचे. कुणाच्या घरी त्यांच्या डिझाइनची जुनी चादर आहे का विचारायचे आणि आठ दिवसांसाठी मागून न्यायचे. माझ्याकडंही आले. माझ्या अंथरुणात एक कमळवाली होती, फाटायला आलेली. मल्लेशमनं ती उन्हात धरली, भिंग लावलं आणि धागे मोजत आकडे सांगू लागला. सत्या गुडघ्यावर वही घेऊन लिहीत होता. सत्तावीस उभे, चार सोड, नऊ उभे. मध्येच मल्लेशम थांबला की सत्या न बघता म्हणायचा, "पुढं, अन्ना."

बारा वर्षं होऊन गेली. आता ज्याचं त्याच्या नावावर मांडते. नऊशे चाळीस चादरी परत आल्या, त्या दोघांच्या. बाकीच्या गेल्या, त्याही दोघांच्याच. मामांच्या पोटावर सहा टाके. अकरा आठवडे कोठडी थोरल्यानं काढली, पण भेटीच्या प्रत्येक वारी सत्याची बायको तिथं पोचायची. माझ्या नावावर एक खरं आणि एक खोटं, आणि दोन्हींबद्दल मला कुणी काही केलं नाही. लॅपटॉप नवा आला, त्यात घर एकच आहे. सगळं परत सामाईक झालं. डोळा तेवढा वाटता आला नाही. तो सत्यानं एकट्यानं भरला.